हात मागं

मी पडले तेव्हा आई समोरच उभी होती. म्हणजे अगदी समोर. मध्ये फक्त जुन्या जालन्यातली ती गल्ली, जिच्यात हातगाडा आणि रिक्षा शेजारी शेजारी आले की दोघांपैकी एकाला उलटं जावं लागतं, आणि कुणी जायचं यावर आधी भांडण व्हावं लागतं. कुणाच्या तरी पोत्याला भोक होतं. आडतीच्या दुकानापासून पार नळापर्यंत सोयाबीनची पिवळी रेघ सांडत गेली होती. मला ती दिसली होती. छानसुद्धा वाटली होती, कुणी खडूनं ओढल्यासारखी. आणि पुढचं चाक तिच्यावर चढलं, आणि झोपलेल्या माणसाखालून चादर ओढून घ्यावी तशी स्कूटी माझ्याखालून निघून गेली. गुडघा, कोपर, तळहात, या क्रमानं मी जमिनीला लागले. "आरं पोरगी पडली, पोरगी!" असं कुणीतरी ओरडलं. चिवड्याच्या गाड्यावरचे काका कागदाची पुडी हातात तशीच धरून पळत आले. एका आजीनं, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं, माझ्या पाठीवरची धूळ झटकली आणि झटकता झटकता दोन धपाटेही घातले, "जल्दी कशाची असती गं तुम्हाला!" सगळी गल्ली आली. आणि आई मेडिकलच्या पायरीवर उभी होती. खांद्याला पर्स, दोन्ही हात मागं, नजर माझ्यावर. घाबरलेली नाही, चिडलेली नाही. गॅसवरच्या दुधाकडे बघतात तशी बघत होती. अजून उतू जात नाहीये, मग कशाला उठा.

मी उठले. स्कूटी उचलली. बॅटरीची स्कूटी हलकी असते, लायसन्स लागत नाही ती, पण त्या वेळी ती मला म्हशीएवढी जड लागली. ती स्टँडवर लागल्यावर आई पायरी उतरली, रस्ता ओलांडून आली, माझ्या गुडघ्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "डावा पाय आधी का टेकवलास? तोल उजवीकडे जात होता ना." बस्स. एवढंच. चिवडेवाले काका तिच्याकडे असे बघायला लागले की मलाच लाज वाटली. मी हसले. मी आता हसते अशा वेळी. या वर्षी मला हसता यायला लागलंय. अकरावीला गेले, केस कापले, परभणीला वक्तृत्वात पहिली आले, माइक बंद पडला तरी बोलत राहिले आणि शेवटच्या रांगेतला माणूस म्हणाला की ऐकू आलं. मला वाटायला लागलं होतं की आता मला कुणी उचलायची गरज नाही. खरंच नव्हती. उठलेच की मी. पण तिनं यायला हवं होतं. गरज नसताना येतात तेच तर आपलं माणूस, गरज असताना काय, चिवडेवालेही येतात.

आईला लोक साधना मॅडम म्हणतात. ती व्यवसायोपचार शिकवते. हा शब्द सांगितला की माझ्या वर्गातल्या पोरी विचारतात, "मंग कोणता व्यवसाय करते तुझी आई?" आणि मी सांगते, "शर्टाची बटणं लावायचा." तसंच आहे ते. माणसाच्या अंगावरून वारं गेलं, अपघात झाला, मशीनमध्ये बोटं गेली, मूल जन्मापासूनच हळू आहे, तर त्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हातानं जेवायला, केस विंचरायला, नाडी बांधायला शिकवायचं. ते शिकवणाऱ्यांचे जे मदतनीस असतात, त्या मदतनिसांचा कोर्स आईच्या संस्थेत चालतो, आणि त्या पोरापोरींना प्रत्यक्ष कामासाठी कुठं कुठं पाठवायचं हे आई ठरवते. ठरवते म्हणजे फोन करते. सकाळी पोळ्या लाटताना करते, फोन डब्याला टेकवून, पिठाच्या बोटानं स्पीकर दाबून. "सर, दोन मुली घ्याल का?" "मॅडम, मागच्या खेपेची चांगली होती, तसलीच द्या." "तसलीच कशी देऊ सर, ती पास झाली." अमकीची बस जाफराबादहून उशिरा येते, तिला लांबचं सेंटर नको. तमक्याला रडणारी मुलं सहन होत नाहीत, त्याला म्हाताऱ्यांकडे पाठवा. लोखंडाच्या कारखान्यात हात चेंगरलेल्या माणसांकडे धीराचंच कुणीतरी हवं. प्रत्येकाला जागा शोधायची, आणि जागेलाही तो माणूस पसंत पडायला हवा. पप्पा सेलूला बँकेत असतात, शनिवारी येतात, आल्या आल्या विचारतात, "काय, वधूवर सूचक मंडळ कसं चाललंय? कुणाचं स्थळ जमलं?" आई हसत नाही. तिच्या पोरापोरींना मिळणाऱ्या जागा मोजक्या, आणि एक जागा गेली की ती पुन्हा मिळत नाही, हे तिच्या कपाळावर बाराही महिने लिहिलेलं असतं.

आणि तिचा एकच नियम. हात मागं. शिकवताना ती पहिल्या दिवशी तेच सांगते. समोरचा माणूस धडपडत असेल, घास तोंडापर्यंत जात नसेल, बटण काजात शिरत नसेल, तर तुमचे हात आपोआप पुढं जाणार. जाऊ द्यायचे नाहीत. मागं बांधायचे. तुम्ही एक घास भरवलात की त्याचा एक घास कमी झाला. त्यांना ती हे पहिल्या दिवशी सांगते, मला तिनं हे कधीच सांगितलं नाही, माझ्यावर नुसतं केलं. बालवाडीत सगळ्या आया बुटांचे बंद बांधून द्यायच्या आणि आई दारात उभी, हात मागं, आणि मी त्या बंदांशी भांडत, नाकातून पाणी, घंटा होऊन गेलेली. पाचवीत गॅदरिंगला मी भाषण विसरले. स्टेजवर, उजेडात, सगळी शाळा समोर. दुसऱ्या मुलांच्या आया विंगेतून ओठ हलवून शब्द पुरवायच्या. माझी आई पहिल्या रांगेत बसली होती, तिला भाषण पाठ होतं, तिनंच लिहून दिलं होतं, आणि ती ओठ घट्ट मिटून बघत राहिली. मी त्या शांततेत इतकी खोल गेले की अजून कधी कधी वर्गात मध्येच तिथंच असते. मग मला आठवलं, मी बोलले, टाळ्याही पडल्या. आज मी जी माइक बंद पडला तरी बोलते ती त्याच शांततेतून वर आलेली आहे, हे मला कळतं. मी काही मूर्ख नाही. पण कळल्यानं ती शांतता काही गोड होत नाही.

गुडघ्याला हळद लावून मी त्या संध्याकाळी दिवाणावर पाय लांब करून बसले होते, मुद्दाम, आईला येता जाता दिसावा असा. तेवढ्यात फोन आला. हरिओम सरांचा. त्यांचं सेंटर आहे, लकव्याच्या पेशंटचं, आणि आईची सगळ्यात जास्त पोरं त्यांच्याकडेच जातात. तिथून त्यांना पेशंटच्या घरीही पाठवतात, घरातली कामं घरातच शिकवायची म्हणून. आईचे हात कणकेत होते, फोन स्पीकरवर. "मॅडम, तुमची ती रूपाली. म्हाताऱ्याला पाडलं तिनं." आई कणीक मळायची थांबली. "पाडलं म्हणजे?" "म्हणजे ते उठायले लागले, तोल गेला, चौकटीवर कपाळ आदळलं. टाके पडले. अन ही उभी होती हातभर अंतरावर, हात मागं बांधून, तमाशा बघत. त्यांची बायको माझ्या टेबलासमोर बसून रडून गेली. पोरगा म्हणतो, असली पोरं असतील तर आम्ही दुसरीकडं जातो. पाहा मॅडम, मी तुमचं बघूनच सगळ्यांना घेतो. ह्या एकीला काढून टाका, तिनं नियम मोडला म्हणून कळवा. बाकीच्यांच्या जागा बिलकुल राहतील, माझा शब्द. न्हाईतर मला सगळ्यांनाच थांबवावं लागंल." सर म्हणाले, "हॅलो?" मग ती म्हणाली, "बघते."

बघते. आईचा आवडता शब्द. ट्रिपला जाऊ का, बघते. स्कूटी घेशील का, बघते. आपल्या भाषेत हा एकच शब्द दोन कामं करतो आणि दोन्ही कामं आई करते. काहीतरी करीन असाही त्याचा अर्थ होतो, आणि नुसती बघत राहीन असाही. मी दिवाणावर बसल्या बसल्या विचारलं, "काढणार तिला?" ती म्हणाली, "गुडघा सुकू दे, झाकू नको." म्हणजे हो की नाही? रूपालीताई पडत होती, माझ्यासारखीच, समोरासमोर, आणि आई पायरीवर उभी होती. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की माझं कोपर पुन्हा दुखायला लागलं.

कारण मला एक माहीत होतं जे हरिओम सरांना माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी मी आईला डबा द्यायला संस्थेत गेले होते. तिथं सरावाचा वर्ग चालला होता, एक मुलगा पेशंट झाला होता, डावा हात लुळा करून शर्ट घालत होता, आणि रूपालीताई त्याच्यासमोर. रूपालीताई जाफराबादकडच्या एका खेड्यातली. घरात चार लहान भावंडं आणि आजारी आजी, सगळ्यांचं हिनंच केलेलं, त्यामुळं तिचे हात कुणी काही करायला लागलं की आपोआप उडायचेच. शर्टाची बाही सरकली, हिचा हात गेला. आई म्हणाली, "रूपाली." कॉलर दुमडली, हिचा हात गेला. "रूपाली!" तिसऱ्यांदा गेला तेव्हा आईनं काय करावं, तिचीच ओढणी घेतली आणि तिचे हात पाठीमागं बांधून टाकले. हळूच, गंमत म्हणून, रिबिनीचा बो बांधतात तशी गाठ. सगळा वर्ग हसला. मीही हसले. रूपालीताईसुद्धा हसली, पण तिचे कान लाल झाले होते. "आता बघ," आई म्हणाली, "नुसतं बघायला शीक." आणि ती शिकली. आई नंतर घरी कौतुकानं म्हणाली होती, "रूपाली आता सगळ्यात छान करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीताई दारात उभी. पहिल्या बसनं आलेली. चप्पल काढून आत आली, माझ्या गुडघ्याकडे पाहून "अय्या, काय झालं गं?" म्हणाली, आणि माझं उत्तर यायच्या आत रडायला लागली. आईनं तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. पेला भरून दिला नाही. रूपालीताईनंच ओतून घेतलं, पाणी तांब्यावर ठिबकलं. "मॅडम, आबा तसे उठत न्हाईत हो एकदम. रोज मी म्हणायचे, आबा, आधी पुढं सरका, मंग उठा. त्यांना तांब्या घ्यायचा होता. तुळजाआजी चुलीपाशी होत्या. मला वाटलं उठू द्यावं. उठले बी बराबर. उभे राह्यले. मला इतका आनंद झाला मॅडम. अन मंग गुडघा असा वाकला." तिनं हवेत बोट वाकवून दाखवलं. आई म्हणाली, "तुझे हात कुठं होते?" "मागं." "सुटे?" रूपालीताईनं पेला खाली ठेवला. "सुटे होते की धरलेले?" "घट्ट धरलेले. सोडवेपर्यंत ते पडले बी." शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. हात मागं म्हणजे दूर नव्हे, झेलायला तयार असले पाहिजेत, हेही आई शिकवते. पण ओढणीनं बांधलेले हात तयार कसे राहतील? हे वाक्य मी म्हणाले नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, परभणीला म्हणाले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. आईकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

"मॅडम, माझी जागा गेली का?" रूपालीताईनं विचारलं. "गेली तर वर्ष गेलं. बापू म्हणतेत, एकदा पाठवलं, दोनदा न्हाई. मामाच्या पोराचं स्थळ तसंबी विचारून राह्यलेत." आई खिडकीकडे बघत म्हणाली, "आबांचं सांग. काय करतात ते? करायचे?" रूपालीताईनं नाक पुसलं. "मोंढ्यात मापारी होते. जन्मभर धान्य मापलं. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, मॅडम, लाभ म्हणतेत. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हणलं की बरकत जाती म्हणे. आता बोलताच येत न्हाई त्यांना. मी बाजरीची परात द्यायचे समोर, वाटीनं भरा म्हणायचे. मीच म्हणायचे, लाभ. ते नुसते बघायचे माझ्याकडं, डोळे भरून." बोलता बोलता तिचे हात परातीतली बाजरी भरायला लागले होते. मी ते हात बघत होते. आईही बघत होती. "तू संस्थेत जाऊन बस," आई म्हणाली. "मी येते." जागेचं काहीच बोलली नाही. पायऱ्या उतरताना रूपालीताईनं ओढणी मानेभोवती दोनदा गुंडाळली, जणू पुन्हा कुणी ती ओढून घेईल.

"मी सोडते तुला," मी म्हणाले. आईची गाडी गॅरेजमध्ये होती. ती माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाली, "जमेल?" मला फार राग आला त्या प्रश्नाचा, आणि प्रश्न विचारला याचा थोडा आनंदही झाला. ती मागं बसली. आधी आबांच्या घरी, ती म्हणाली, म्हणजे काल पडले त्याच गल्लीतून जायचं होतं. सोयाबीन कुणीतरी झाडून नेलं होतं, फटीफटीत राहिलेलं कबुतरं टिपत होती. चिवडेवाले काकांनी हात वर केला, "आज न्हाई पडायचं!" मी जोरात हॉर्न दिला. आई तिथं कशाला चाललीय? माफी मागायला? माफी मागून, रूपालीला काढलं असं सांगून, तक्रार मिटवून, बाकीच्यांच्या जागा वाचवायला? वाचवायलाच हव्यात त्याही. त्या पोरांचीही बसेस असतात, बापू असतात. मला काही सोपं दिसत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक मुलगी जमिनीवर आहे आणि माझी आई तिला विचारणार आहे, डावा पाय आधी का टेकवलास.

घर म्हणजे कापडाच्या दुकानाच्या मागची अरुंद लांब खोली. दारापाशी पलंग, मध्ये भिंतीला टेकून बद्रीनाथ आबा पाटावर बसलेले, कपाळाला पांढरी पट्टी, समोर ताट. आत टोकाला चूल नव्हे, गॅस, पण तो जमिनीवर मांडलेला, आणि त्याच्यापाशी आबांची बायको, तुळजाबाई. त्यांचा मुलगा सोमेश्वर दुकानावर निघायच्या बेतात, पँटचा पट्टा ओवत होता. "या मॅडम," तो म्हणाला, आणि बसा म्हणाला नाही. "सर बोलले. पोरीला काढलं म्हणले. बरं केलं."

"काढलं नाही," आई म्हणाली.

माझ्या कानांना खरं वाटेना. सोमेश्वरचा पट्टा अर्ध्यातच राहिला. आई तशीच उभी, दारातल्या उजेडात, आवाज वर्गातला. "तिची चूक नाही. तिचे हात फार पुढं पुढं करायचे म्हणून मी वर्गात ओढणीनं बांधले होते. सगळ्यांसमोर. ती ते विसरली नाही. तुमचे वडील पडले ते माझ्या शिकवण्यामुळं. काढायचं तर सरांनी मला काढावं, माझी पोरं घेणं थांबवावं. हे मी तुमच्यासमोरच त्यांना सांगते." आणि तिनं फोन लावला, स्पीकरवर, पीठ नव्हतं तरी त्याच एका बोटानं. हरिओम सरांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही खोड्यात पाय घालून राह्यल्या," ते म्हणाले. "घरच्यांनी तक्रार मागं घेतली तर माझं काही न्हाई. न्हाई घेतली, तर सोमवारपासून तुमचं कोणीच नको. बास." फोन बंद झाला. म्हणजे आता सगळं तुळजाबाईंवर. रूपालीताईचं वर्ष, बाकीच्यांच्या जागा, आईची इतक्या वर्षांची फोनाफोनी, सगळं त्या गॅसपाशी बसलेल्या बाईच्या पदरात. आणि त्या बाई वरण घोटत होत्या.

"तुम्ही शिकवलं व्हय," त्या म्हणाल्या, वर न बघता. "उभं राह्यला बी तुम्हीच शिकवलं?" "म्हणजे?" "पडले त्याचं न्हाई मला. पडंल माणूस. मी धरलं असतं तरी पडले असते, वजन काय कमी हाये त्यांचं? पण पोरगी रोज उभी राह्यची. हे जेवायले की ही समोर उभी, हात मागं बांधून. जेवत्या माणसासमोर असं कोणी उभं राह्यतं का मॅडम? यमाचा दूत उभा राह्यल्यावानी. माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. कोणाची नजर लागली म्हणू मी?" सोमेश्वर म्हणाला, "आई, नजरेचं काय मध्येच—" "तू गप, पट्टा बांध."

आईचा चेहरा मला दिसला. तिला आठवलं होतं. मलाही आठवलं, कारण माझी आजीच सांगायची हे, अंबडकडे, आईच्या माहेरी, कुणी जेवत असताना मी दारात टेकून उभी राहिले की, "बस तरी न्हाईतर जा तरी." आई त्याच घरात वाढलेली. आणि मग तिनं शिकवताना ते पुसून टाकलं होतं, पुस्तकात नव्हतं म्हणून असेल. ती म्हणाली, "बसू का मी?" "बसा की." "ह्यांना एकदा स्वतः घेऊ द्याल? मी आहे." तुळजाबाईंनी भाकरी कुस्करून वरणात कालवली, ताट आबांपुढं सरकवलं, आणि पुन्हा गॅसपाशी जाऊन बसल्या. आई आबांसमोर खाली बसली, हाताच्या अंतरावर. जागा इतकी कमी की मला तिच्या पाठीमागं, उंबऱ्यालगत बसावं लागलं.

आबांचा उजवा हात मांडीवरून उठला. उठला म्हणजे, आधी खांदा उठला, मग विचार केल्यासारखं थांबून कोपर, मग बोटं, एकमेकांना चिकटलेली, थंडीत झोपलेल्या पिल्लांसारखी. ताटात पोचली. भाकरीचा गोळा त्यांनी ढकलला, तो काठाला गेला. पुन्हा ढकलला. त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ आली आणि त्यांना ती कळली, कारण त्यांनी आईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. भरवा ना, मला ओरडावंसं वाटलं, एक घास, कोण बघतंय, एका घासानं काय होतं. गोळा बोटांत आला, उचलला, छातीपर्यंत आला आणि पडला. माझा हात पुढं गेला, मला न विचारताच, आईच्या कमरेपर्यंत गेला आणि तिथं थांबला. कारण तिथं आईचे हात होते.

मी आईला आजवर समोरूनच पाहिलं होतं. पडणारा माणूस समोरूनच बघतो. बालवाडीच्या पायरीवरून, स्टेजवरून, काल गल्लीतून, मला दिसला तो चेहरा, गॅसवरचं दूध बघणारा. तिच्या पाठीमागं काय चालतं हे मला कधी दिसलंच नव्हतं. उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट पकडलं होतं, पळून जाणाऱ्या मुलाचं पकडतात तसं. डावा हात सुटायला बघत होता. खरंच बघत होता, बोटं उघडत होती, मिटत होती, हवेत काहीतरी धरत होती, घास करत होती. उजव्याची नखं रुतून मनगट पांढरं पडलं होतं, काचेची बांगडी तिरकी होऊन कातड्यात गेली होती. आणि तिचे खांदे, समोरून दिसणारे, अगदी सैल. आबांनी पुन्हा ताटात हात घातला. तुळजाबाई पदराचं टोक दातांत धरून गॅसच्या बाजूनं बघत होत्या, मधूनच आबांकडे, मधूनच आईच्या पाठीकडे. त्यांनाही तिथून दिसत असणार. गोळा उचलला गेला. छाती. हनुवटी. हनुवटीला वरण लागलं. तोंड उशिरा उघडलं, पण उघडलं.

घास आत गेला. आबांनी तो गालात धरून ठेवला, चावला नाही, आणि घशातून काहीतरी खरवडून वर आणलं. "ल्ला," ते म्हणाले. थांबले. "भ."

सोमेश्वर भिंतीकडे तोंड करून पट्टा ओढत राहिला, केव्हाच बांधून झालेला. आबा हळूहळू चावायला लागले. तुळजाबाईंनी पदर दातांतून काढला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "हात सोडा आता. बांगडी रुतली." आईनं ऐकलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "सोडा म्हणते ना." मग आईचे हात सुटले, पुढं आले, आणि तिला ते कुठं ठेवावेत कळेना. "मांडीवर ठेवा," तुळजाबाई म्हणाल्या, "अन त्या पोरीलाबी तेच सांगा. बसायचं, हात मांडीवर, दिसतील असे. उद्या लावून द्या तिला. सरांना सोम्या सांगंल." मग जरा थांबून, ताटाकडे बघत, "पुन्हा पडले तर मी पुन्हा जाईन रडायला, हे बी सांगून ठेवते." "या," आई म्हणाली. दुसरा घास तीनदा पडला. आबा दोन म्हणाले नाहीत. तुळजाबाईंनीच शेवटी भरवलं, आणि आईनं त्यांना अडवलं नाही.

परत निघालो तेव्हा ऊन गल्लीत उभं आलं होतं. आईनं संस्थेत फोन करून रूपालीताईला सांगितलं, आणि पलीकडून फक्त हुंदके आले तेव्हा म्हणाली, "आधी डबा खा." फोन पर्समध्ये टाकून ती मागं बसली. मला तिला विचारायचं होतं. काल तुझे हात काय करत होते? बालवाडीत? गॅदरिंगला, पहिल्या रांगेत, पर्सखाली? मनगटावर वळ पडला होता का? आणि मला तो एकदाही का दाखवला नाहीस? इतकी वर्षं मी समोर होते, एकदा वळली असतीस तर काय झालं असतं? मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाखाली काहीतरी चिरडल्यासारखं दुखत होतं, कारण मागं धरलेले हात धरलेलेच राहतात, आतून कितीही झेपावले तरी पडणाऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत. आबा पडलेच होते. मी इतकं बोलते, सगळं बोलते, पण यातलं एक अक्षर माझ्या तोंडून येईना. आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता, दुधाकडे बघणारा. तिचे हात दिसत नव्हते. सीटच्या मागच्या कडीला धरून बसली असणार, नेहमीसारखी, हात मागं.

चिवड्याच्या गाड्यापाशी आलो. समोरून हातगाडा येत होता, बाजूला रिक्षा, जागा नाही. दगडांच्या फटीत काही पिवळे दाणे अजून होते, कबुतरं उडाली. मी वेग कमी केला. चाक त्या दाण्यांवर आलं आणि जरासं, अगदी जरासं, सरकलं. आणि तेव्हा माझ्या कुर्त्याच्या टोकाला, कमरेपाशी, कुणीतरी चिमटीत धरल्यासारखं वाटलं. स्कूटी सावरली. चिमूट गेली. मी मागं वळून पाहिलं नाही.

लाभ, मी मनात म्हटलं, आणि घर येईपर्यंत दोनची वाट बघत राहिले.